गाण्याले गाणं

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत मिळून जेवढे बेसूर लोक असतील, त्या सगळ्यांचा बेसूरपणा गोळा करून देवाने एकाच गळ्यात ओतला आणि तो गळा आमच्या गोंडपिपरीकडे गुरांच्या दवाखान्यात नोकरीला लावून दिला, अशी माझी पक्की समजूत आहे. आणि नेमक्या याच माणसाने आयुष्याची वीस वर्षं गाणी गोळा करण्यात घालवली. त्यांना सगळे ड्रेसरभाऊ म्हणतात. जनावराची जखम धुणारा, पट्टी बांधणारा आणि डॉक्टर सुई टोचत असताना बैलाची शिंगं धरून उभा राहणारा जो माणूस असतो, तो ड्रेसर. त्यांचं खरं नाव मला चांगलं माहीत आहे, पण ते मी इथे लिहिणार नाही. या माणसाने भर बाजारात माझा जो अपमान केला तो मी विसरलेलो नाही, आणि ज्याच्यावर राग आहे त्याचंच नाव छापून त्याला मोठं करण्याइतका मी भोळा नाही.

माझं, म्हणजे सत्तारभाऊचं, दुकान बस स्टँडसमोर. सुरुवात केली तेव्हा दुकान नव्हतं, पत्र्याची एक पेटी होती. ती सायकलला बांधून मी आठवडी बाजार करायचो. टॉर्च, सेल, कंगवे, रेडिओचे पट्टे. महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत वैनगंगेच्या रेतीवर चादर पसरून बसायचो आणि संध्याकाळपर्यंत घसा बसायचा. त्या पेटीतून दुकान झालं, दुकानात कॅसेटी आल्या. सांगायचं एवढंच की मला कोणी फुकट काही दिलं नाही आणि मीही कोणाला दिलं नाही. भाव करणं हा माझा धंदा आहे तशीच करमणूकही आहे. गिऱ्हाईक 'काय लुटून राह्यले का भाऊ' असं ओरडलं, मी उलटा ओरडलो, ते दोन पावलं निघून गेलं, मी हाक मारली, असं झालं की दिवस कारणी लागला असं मला वाटतं. नव्वदच्या आसपास एक दिवस ड्रेसरभाऊ पहिल्यांदा दुकानात आले आणि त्यांनी कोऱ्या कॅसेटचा भाव विचारला. खाली यायला जागा पाहिजे म्हणून मी नेहमीसारखा भरपूर चढवून सांगितला. या माणसाने मुकाट्याने खिशातून पैसे काढले आणि काउंटरवर ठेवले.

मला इतका संताप आला की काय सांगू! म्हटलं, "अजी, काई तरी बोला!"

"काय बोलू? तुम्ही भाव सांगतला ना?"

"सांगतला, पण तो ऐकाचा नसते!"

"मंग सांगतला काऊन?"

शेवटी मीच माझ्याशी भाव केला, मीच हरलो आणि अर्धे पैसे परत दिले. तेही त्यांनी तसेच खिशात घातले.

बरं, एवढ्यावर ते गेले असते तर ठीक. ते स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "आता लावा." मी म्हटलं, कोरी आहे, काय लावू? तर म्हणे, "कोरी हाये का नाई ते ऐकून पाह्यतो." साठ मिनिटांची कॅसेट, दोन्ही बाजू, हा माणूस डोळे मिटून ऐकत बसला. मधे कोणी नव्या सिनेमाची गाणी मागायला आलं तर यांनी ओठांवर बोट ठेवून त्याला गप्प केलं. शेवटी डोळे उघडले आणि म्हणाले, "बेस हाये. काईच नाई इच्यात." हे त्यांनी इतक्या समाधानाने म्हटलं की शेजारचा चहावाला आत येऊन मला विचारू लागला, कोणतं गाणं लागलं होतं म्हणून. पुढे दर महिन्याला हाच कार्यक्रम.

त्यांच्या सायकलला मागे दोन सारखे डबे बांधलेले असत. एकात बर्फात ठेवलेली गुरांची लस, दुसऱ्यात चिंध्यांत गुंडाळलेला टेपरेकॉर्डर. धुळीपासून यंत्राला जपावं तर असं. एकदा एका गावात सरपंचाने दवंडी देऊन सगळ्या गावची जनावरं झाडांना बांधून ठेवली होती. ड्रेसरभाऊंनी सगळ्यांसमोर पहिला डबा उघडला, त्यात टेप. दुसरा उघडला, त्यात कॅसेटी. लस घरी. दुसरा कोणी शरमेने मातीत गेला असता. हे म्हणाले, "लस उद्या. आता एवढे जमलेच हा, त कोणाले गाता येते ते सांगा." आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी सहा गाणी मिळाली, असं ते अजून अभिमानाने सांगतात. जनावरं कशाला बांधली होती हे कोणी विचारलं तर मात्र त्यांना आठवत नाही.

एक किस्सा मी स्वतः पाहिला आहे, म्हणून सांगतो. त्या दिवशी मी त्यांच्यासोबत एका गावी उधार नेलेला रेडिओ परत आणायला गेलो होतो. तिथे म्हैस अडली होती. ड्रेसरभाऊंचा हात खांद्यापर्यंत म्हशीच्या पोटात. म्हशीला धीर द्यावा म्हणून घरची म्हातारी तिच्या पाठीवरून हात फिरवत काहीतरी गुणगुणत होती. झालं! ड्रेसरभाऊंच्या तोंडावर एकदम उजेड पडला. "बाई, थांबू नोको! कडवं पुरं कर! सत्तारभाऊ, डब्यातला टेप काढा, लाल बटन दाबा! हे त म्हशीचं बाळंतपणाचं गाणं हाये, हे माह्याजवळ नाई!" घरमालक म्हणत होता, अहो म्हशीकडे पाहा. हे म्हणत होते, म्हशीकडेच तर आहे, एक हात आहे ना तिच्यात. म्हैस सुटली, गाणंही मिळालं. कोणत्या कॅसेटवर काय आहे हे लिहिण्यासाठी त्यांच्याजवळ जाडजूड वही होती. तिच्यात त्यांनी लिहिलं: 'मागे म्हैस ओरडते. शेवटच्या कडव्यात पारडू झालं, मादी.' त्या वहीत सगळं असतं. कोण खोकललं, वारा कुठून होता, बकरी किती वेळा बोलली.

आता त्यांच्या गाण्याकडे येतो, कारण सगळं दुखणं तिथेच आहे. आमच्याकडे तलावाखालच्या गावांत एक रीत होती. धानाच्या रोवण्याला दुसऱ्या गावच्या बाया मजुरीला येतात. दुपारी बांधावर भाकर सोडली की गाणी निघतात. समोरच्या बाईचं गाणं आवडलं आणि आपल्या गावाला न्यावंसं वाटलं, तर आधी आपलं एक गाणं तिला द्यायचं. तिने ते शिकून घ्यायचं, मग आपण तिचं घ्यायचं. फुकट नेलं तर गाणं गाणारणीच्या गळ्यातून निघून जातं आणि पुढच्या रोवण्याला तिला ते आठवत नाही, असा समज. एकदा दिलेलं गाणं त्याच गावात दुसऱ्यांदा चालत नाही. ड्रेसरभाऊ मासे मारणाऱ्या घरातले, त्यांची आई रोवण्याला जाणारी. तिची सात गाणी त्यांच्याजवळ होती. नोकरीच्या पगारासारखी ती सात गाणी ते जपून वापरत. कोणत्याही गावी, कोणाचंही गाणं टेपात घेण्याआधी हे महाशय मांडी घालून आपलं एक गाणं देत. म्हशीच्या वेळी तेवढं, हात अडकलेला होता म्हणून, मागाहून दिलं.

तो आवाज मी शब्दांत कसा सांगू? पत्र्याच्या छपरावरून लोखंडी खाट ओढत न्यावी, आणि खाट मधेच अडकावी, असा. लहान मुलं रडत. कुत्री आधी भुंकत, मग निघून जात. बाया तोंडाला पदर लावून हसत हसत बांधावर लोळत. एका म्हातारीने तर त्यांना पुन्हा बोलावणं धाडलं होतं, "तुमी गाऊन गेले तवापासून धानावर पाखरू नाई बसून राह्यलं जी, एक डाव अजून या." ड्रेसरभाऊंना याचं काही वाटत नसे. "हसू द्या," ते म्हणत, "हासलेली बाई गाते. मोठा गवई गेला त तिचं तोंडच उघडत नाई." यात तथ्य होतं हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की माझ्या दुकानातल्या चांगल्या कंपनीच्या कॅसेटींवर दर गाण्याआधी पाच मिनिटं खाट ओढली जाते आहे.

आता तो अपमान. एटापल्लीकडच्या एका आठवडी बाजारात माझं दुकान लागलेलं होतं आणि ड्रेसरभाऊ लस टोचायला त्याच गावी आलेले. मोहफुलं विकायला बसलेली एक म्हातारी सहज गात होती. मी पंचवीस वर्षं माल पारखत आलो आहे, ते गाणं ऐकून माझे कान उभे राहिले. अशा दहा गाण्यांची कॅसेट काढली तर जत्रेत हातोहात जाईल. मी तिच्यासमोर नवा टॉर्च ठेवला, सेल टाकून पेटवून दाखवला आणि म्हटलं, बाई, हा तुला, ते गाणं मला. म्हातारीने टॉर्च उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "हा गाते का भाऊ?" सगळा बाजार हसला. मी म्हटलं, दोन टॉर्च. आणखी हसला. तेव्हा ड्रेसरभाऊ पुढे आले आणि मोठ्या आवाजात, मला मदत करतो आहे अशा थाटात, म्हणाले, "बाई, हसू नोको. सत्तारभाऊजवळ दुकानभर गाणे हायेत, पण त्याईचं सोताचं द्यायले एक नाई. त्याईले माफ कर."

माफ कर! मला! ज्याने सायकलवर पेटी बांधून दुकान उभं केलं, ज्याच्याकडून कधी कोणी रिकाम्या हाताने परत गेलं नाही, त्याच्याजवळ द्यायला काही नाही, असं या माणसाने शेकडो लोकांसमोर सांगितलं. मी तिथल्या तिथे दुकान गुंडाळलं आणि मिळेल त्या बसने घरी आलो. सहा महिने त्यांना दुकानाची पायरी चढू दिली नाही. म्हटलं, कॅसेट पाहिजे तर बाहेरून घ्या. ते बाहेरून घेत, आणि बाहेर उन्हात उभे राहून दोन्ही बाजू ऐकत. शेवटी लोक मलाच बोलू लागले, म्हणून स्टूल परत दिलं. राग परत घेतला नाही.

दोन हजार सालानंतर कॅसेटींचे दिवस भरले. सीडी आल्या, माझी काचेची कपाटं रिकामी पडू लागली. तशातच एका पावसाळ्यात ड्रेसरभाऊ एक कॅसेट घेऊन आले. म्हणाले, आवाज बारीक येते, पाहा जरा. मी टेपचं डोकं स्पिरिटने पुसलं, कॅसेट लावली. नुसती खरखर. फितीवर पांढरी बुरशी धरली होती. ज्या बाईचं गाणं होतं ती दोन वर्षांपूर्वी वारली होती, आणि ते गाणं येणारं दुसरं कोणी त्या गावात नव्हतं. ड्रेसरभाऊ स्टुलावर बसले, डोळे मिटले आणि ती खरखर दोन्ही बाजूंनी, शेवटपर्यंत, ऐकत राहिले. मग म्हणाले, "कोरी झाली." त्यांच्या घरी अशा सव्वाशे कॅसेटी होत्या, कौलारू घरात, भिंतीतल्या फळीवर, आणि पावसाळा अर्धाही झाला नव्हता.

राग वेगळा आणि माल नासताना पाहणं वेगळं. मी त्यांना म्हटलं, हे सगळं कॉम्प्युटरमध्ये घालू, तिथे बुरशी लागत नाही. चंद्रपूरला एक मॅडम कॉम्प्युटरचा क्लास चालवत. मी त्यांच्याकडे गेलो आणि मनासारखा भाव केला. मॅडमही कमी नव्हत्या, दोघांचे आवाज चढले, क्लासमधल्या पोरी घाबरल्या, मजा आली. सीडी जितक्या कमी लागतील तितकं स्वस्त, म्हणून मी त्यांना एक कॅसेट ऐकवून युक्ती सांगितली, "मॅडम, दर गाण्याआधी एक पुरुष ओरडतो. तो काढून टाका. अर्ध्यात काम होईल." मॅडम म्हणाल्या, "थँक्यू. मी ते विचारणारच होते, ते मशीन बिघडल्यासारखं काय आहे म्हणून." पंधरा दिवसांत पहिल्या पन्नास कॅसेटींचं काम झालं. झकास. स्वच्छ. सीडी लावली की लगेच बायांचे आवाज, जसे काही समोर बसून गातात.

ड्रेसरभाऊंनी दुकानात बसून पहिली सीडी ऐकली, दुसरी ऐकली. मला वाटलं, आता हा माणूस निदान एक चांगला शब्द बोलेल. त्यांनी विचारलं, "माह्यं कुठी हाये?"

"तुमचं काढलं. जागा खाऊन राह्यलं होतं."

इतक्या वर्षांत मी या माणसाचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. गाण्यातला सोडून. ते उभे राहिले, स्टूल पडलं. "पन्नास गावात मले चोर केलं तुमी! एकेका बाईनं माह्यं गाणं घेतलं मंग आपलं देल्लं. आता जो कोणी हे ऐकंल तो म्हणंल, ड्रेसर आला अन् गाणं उचलून घेऊन गेला! याच्यापरीस बुरशी बरी होती!"

मीही गप्प बसणारा नाही. म्हटलं, तुमच्या खाट ओढण्यासाठी मी सीड्या विकत घेऊ का? तो चहावाला मधे पडला तर आम्ही दोघं त्याच्यावर ओरडलो. मॅडमला फोन केला. त्या म्हणाल्या, काढलेलं पुन्हा घालायचं तर सगळं काम पहिल्यापासून, आणि तो आवाज मी पुन्हा ऐकणार नाही. भाव कितीही केला तरी ऐकेनात. तेव्हा त्या रागात मी काय केलं? कॉम्प्युटर विकत घेतला. जुना होता, पण माझा होता. महिनाभर तो उंदीर माझ्या हाताखाली नीट चालेना, पडद्यावरचा बाण कोपऱ्यात जाऊन बसे. पण शिकलो. दुकान उघडायच्या आधी रोज सकाळी दोन तास, सव्वाशे कॅसेटी, ड्रेसरभाऊंसकट, खाटेसकट. त्यांचं एकेक गाणं मी इतक्या वेळा ऐकलं की अंघोळ करताना माझ्या तोंडी येऊ लागलं आणि बायकोने विचारलं, बरं नाही का?

शेवटच्या आठवड्यात माझ्या हातून ते झालं. एक कॅसेट टेपात अडकली. थांबून, झाकण उघडून, पेन्सिलीने हळूच फिरवून काढायची असते, हे मी जगाला शिकवतो. पण दुकान उघडायला उशीर झाला होता, समोर गिऱ्हाईक खोळंबलं होतं, डोकं तापलं होतं, मी ओढली. बुरशीने चिकटलेली फीत तुकडे तुकडे होऊन हातात आली. वहीत पाहिलं. मार्कंड्याच्या पलीकडच्या काठावरची एक म्हातारी, नदीला पूर आला असताना जाळं घेऊन गेलेल्या माणसाला घरी बोलावण्याचं गाणं. पुढे ड्रेसरभाऊंच्या अक्षरात लिहिलं होतं: 'हे दुसऱ्या कोणाले येत नाई.' मला वाटलं, आता स्टूल फेकून मारतील. त्यांनी ते तुकडे रुमालात बांधले आणि म्हणाले, "बाई जिती हाये. उद्या जाऊ." एवढंच. ओरडले असते तर मला झोप लागली असती.

म्हातारीचं घर नदीच्या वर, उंचावर. अंगणात जाळी वाळत होती. तिची नात आम्हाला बसायला खाट देऊन गेली. म्हातारी अगदी वाळलेली, पण डोळे चलाख. तिने सगळं ऐकून घेतलं, रुमालातले तुकडे बोटाने चाळून पाहिले आणि म्हणाली, "मंग? तुमच्यापासून हरपलं त माह्यापासून हरपलं का? माह्यं माह्याजवळ हाये. अजून पाह्यजे त अजून एक द्या."

ड्रेसरभाऊंनी घसा साफ केला.

"तुमचं नोको," ती म्हणाली. "तुमचे सातही माह्या गावात हायेत. माह्या नातीलेही येतेत. तुमच्यासारखेच गाते, मेली, आता तिचं लग्न कसं कराव?"

ड्रेसरभाऊ खाली पाहू लागले. त्यांच्याजवळ आठवं नव्हतं. सगळ्या आयुष्यात जमवलेली गाणी दुसऱ्यांची, ती देता येत नाहीत. मी सवयीप्रमाणे भाव सुरू केला. म्हटलं, बाई, मी नवा रेडिओ देतो. ती म्हणाली, आहे. म्हटलं, नातीच्या लग्नात लाऊडस्पीकर. ती म्हणाली, "तुमी कोण जी? तुमी काऊन बोलून राह्यले? तुमच्याजवळ हाये का गाणं?"

ड्रेसरभाऊ या वेळी काही बोलले नाहीत. तेच मला सहन झालं नाही.

माझी आई चुड्या विकायची. डोक्यावर टोपली घेऊन गावोगाव. हे मी धंद्यात कधी कोणाला सांगत नाही. सांगितलं की लोक भाव पाडतात. लहान पोरींच्या हातात चुडी चढताना दुखतं, त्या मूठ आवळतात, म्हणून ती त्यांचं मनगट दाबत दाबत एक गाणं म्हणायची. तिच्यापाशी ते एकच होतं. शब्द अर्धे इकडचे, अर्धे हिंदी. मी ते चाळीस वर्षांत तोंडातून काढलं नव्हतं. जाळ्यांकडे पाहत मी म्हटलं:

"हात सोड गं सैल बाई, नको धरू मूठ,
हिरवी चुडी चढे बाई, पिवळी राहे रूठ."

चार कडवी होती. चारही म्हटली. कोणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील, मग मी चिडेन आणि सुटेन. म्हातारी म्हणाली, "अजून एक डाव." मी पुन्हा म्हटलं. तिने ओठ हलवत माझ्यामागून म्हटलं, आपल्याच हाताचं मनगट दाबत, जणू तिला माहीत होतं की ते कसं म्हणायचं असतं. "कोणाचं हाये?" "आईचं." "होय," ती म्हणाली, "बाईचंच वाट्टे." मग तिने जाळ्याची दोरी हातात धरली, नदीकडे तोंड केलं आणि गायली:

"पाण्या रे पाण्या, हो ना जरा बाजूले,
धनी माहा येऊन राह्यला, वाट दे त्याले."

ड्रेसरभाऊ टेपाकडे पाहत होते. मी म्हातारीकडे पाहत होतो. खाली वैनगंगा उन्हाळ्याची, गुडघाभर पाण्याची, तिला काय कोणाला अडवायचं होतं? पण ते गाणं संपता संपता आम्ही तिघंही नदीकडे असे पाहत होतो की जसं कोणी तिच्यातून चालत येणार आहे.

त्यानंतरचं थोडंच सांगायचं आहे. ती सगळी गाणी आता माझ्या दुकानात आहेत, तीन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवून ठेवलेली. मोबाईल आले तसे लोक मेमरी कार्ड घेऊन येऊ लागले. कोणी तरी ऐकून येतं, "भाऊ, आमच्या आजीचं गाणं तुमच्या कॉम्प्युटरात हाये म्हणते." असतं. मी पैसे घेत नाही. घ्यावेसे वाटतात, पण घेत नाही. मी माईक पुढे करतो आणि म्हणतो, आधी एक दे. सिनेमातलं चालणार नाही, घरचं पाहिजे. लोक चिडतात, भांडतात, दोन पावलं निघून जातात, आणि आठ दिवसांनी आईकडून, मावशीकडून, गावाकडच्या कोणाकडून तरी एक घेऊन परत येतात. माझा धंदा मला पुन्हा सापडला आहे. सव्वाशे कॅसेटींच्या गाण्यांजोडीला आता कितीतरी अशी गाणी आहेत जी ड्रेसरभाऊंच्या वहीतही नाहीत. त्यांना सांगितलं तर म्हणतात, "मागे कोणी खोकललं का, ते लिहिलं का?"

नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांचे कान हळूहळू गेले. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे. आता जवळ जाऊन ओरडावं लागतं, आणि ओरडणं मला जमतं, म्हणून ते माझ्याकडेच येऊन बसतात. गेल्या रोवण्याच्या दिवसांत मी त्यांना गाडीवर मागे बसवून मूल गावच्या रस्त्याने एका कामाला नेत होतो. एका बांधीत वीस-पंचवीस बाया ओळीने वाकून धान रोवत होत्या आणि गात होत्या. मी गाडी थांबवली. ओळखायला मला वेळ लागला, कारण चाल थोडी बदलली होती आणि शब्दही. चुडी तीच होती, पण चुडी आता त्या धानाच्या हिरव्या काडीला म्हणत होत्या, आणि मूठ सोडायची होती ती चिखलात. म्हातारीच्या गावापासून हे गाव बरंच लांब आहे. मधल्या किती बांधांवरून ते कोणी कोणाला दिलं असेल, आणि बदल्यात काय घेतलं असेल, कोण जाणे.

ड्रेसरभाऊंनी हाताने कानाचा द्रोण केला. मग तोही खाली घेतला. बायांच्या पाठी एका लयीत खाली-वर होताना त्यांना दिसत होत्या. त्यांनी विचारलं, "काय गाऊन राह्यल्या?"

माझ्या मनात काय आलं माहीत नाही. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, "तुमचं! तुमच्या आईचं! ते तिसरं!"

त्यांनी वाकून बायांच्या तोंडांकडे पाहिलं. मग मान हलवली.

"नाई," म्हणाले. "माह्यं असतं त हासल्या असत्या. कोणी हासून नाई राह्यली. तुमचं असंल."